पिरॅमिड मागच्या दाराने पाहिला की असंच होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही गिझाला जाऊन आलात, जादा तिकीट काढून खुफूच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये शिरलात, कंबरेत वाकून घामाघूम होत वर पोचलात, आणि तिथे निघाली एक रिकामी खोली आणि एक कोपरा फुटलेली दगडी पेटी. इंजिनियरिंग म्हणून हे अचाट आहे हे तुम्हाला मान्य आहे. पण माणसाने वावरावं अशी जागाच जर आत नसेल, तर याला आर्किटेक्चर का म्हणायचं, असं तुम्ही विचारताय. शिवाय नकाशात पिरॅमिडच्या आजूबाजूला व्हॅली टेंपल, कॉजवे, बोटींचे खड्डे अशी बरीच नावं दिसली आणि गाइडने त्यातलं काही धड सांगितलं नाही, ही तक्रारही आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे उत्तर किती गांभीर्याने घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी तीसेक वर्षं जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, बहुतेक देवळं आणि वाडे. इजिप्तला चार वेळा गेलोय, त्यातल्या दोन वेळा विद्यार्थ्यांना घेऊन. चित्रलिपी मला वाचता येत नाही. दगड, सांधे, ढाळ आणि पाण्याच्या वाटा मात्र वाचता येतात, आणि पुढचं सगळं त्या नजरेतून आहे.

तुमचं निरीक्षण चुकीचं नाही. ती खोली रिकामी वाटली कारण ती कुणाच्या वावरासाठी नव्हतीच. राजाला आत ठेवल्यावर वरच्या वाटेत ग्रॅनाइटच्या शिळा सोडून ती कायमची बंद केली. तुम्ही ज्या बोगद्यातून आत गेलात तोसुद्धा मूळचा नाही, तो नंतर फोडलेला आहे. नवव्या शतकातल्या खलिफा अल-मामूनच्या नावाने तो ओळखला जातो. म्हणजे एखाद्याने देवळाच्या शिखराला शिडी लावावी, भोक पाडून आतल्या पोकळीत डोकं घालावं आणि विचारावं, इथे सभामंडप कुठे आहे? सभामंडप आहे, पण तो खाली आहे, आणि तिथे जायची वाट दुसऱ्या बाजूने आहे.

तेव्हा खरा प्रश्न असा की आपण नेमक्या कोणत्या इमारतीबद्दल बोलतोय. आपण 'पिरॅमिड' म्हणतो ती त्या राजाच्या बांधकामातली शेवटची वस्तू. बांधकाम सुरू होतं ते पाण्याच्या काठावर.

इथे एक सावधगिरी. 'पिरॅमिड संकुल असं असतं' असं एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सक्कारा इथला जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड साधारण इ.स.पू. २६५० चा, आणि राजांनी पिरॅमिड बांधणं त्यानंतर जवळजवळ हजार वर्षं चालू होतं. जोसरकडे लांबच लांब तटबंदीच्या आत, सुमारे ५४५ बाय २७७ मीटरच्या आवारात, सगळी मांडणी उत्तर-दक्षिण आहे आणि देऊळ पिरॅमिडच्या उत्तरेला आहे. पुढे स्नेफ्रू राजाच्या काळात मैदूमपासून मांडणी पूर्व-पश्चिम झाली, देऊळ पूर्वेला आलं. त्याच्याच दहशूरच्या वाकड्या पिरॅमिडचं खालचं देऊळ पाण्यापर्यंत न नेता वाटेतच बांधलंय. पाचव्या घराण्याच्या उसेरकाफने तर देऊळ दक्षिणेला काढलं. हे सगळं राजा कोण, जमीन कशी आणि शतक कोणतं यावर अवलंबून आहे. म्हणून मी एकच संकुल घेतो आणि त्यातून चालत जातो. ते आहे सहुरे या राजाचं, अबुसिर इथलं, साधारण इ.स.पू. २४८० च्या आसपासचं. जर्मन पुरातत्त्वज्ञ लुडविग बोर्खार्ट यांनी १९०७-०८ मध्ये ते खोदलं. ते मुळात आर्किटेक्ट होते, त्यामुळे त्यांचे प्लॅन आणि सेक्शन आमच्या धंद्यातल्या माणसाला सरळ वाचता येतात. विद्यार्थ्यांना मी गिझाच्या आधी हाच प्लॅन देतो.

गिझाहून दक्षिणेला सक्काऱ्याच्या वाटेवर अबुसिर लागतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तुमच्यासारखाच हिरमुसलो होतो. पिरॅमिड म्हणजे ढासळलेली टेकडी, समोर फरशीचे काळे तुकडे आणि लालसर ग्रॅनाइटचे खांब. पण हातात प्लॅन असला की तेवढं पुरतं.

सुरुवात खालून करू. पुराचं पाणी शेतात चढलं की ते वाळवंटाच्या कडेपर्यंत यायचं, आणि तिथपर्यंत कालवा किंवा धक्का असायचा. बांधकामाचा दगड याच वाटेने येई आणि काम संपलं की तोच धक्का देवळाचा घाट होई. ही युक्ती मला फार आवडते: साइटवरची तात्पुरती सोय पुढे मुख्य प्रवेशद्वार होते. या काठावर सहुरेचं खालचं देऊळ होतं, म्हणजे तुमच्या नकाशातलं व्हॅली टेंपल. पूर्वेला पाण्यातून वर येणारा उतार, त्याच्या डोक्यावर आठ ग्रॅनाइट खांबांची ओसरी. खांबांचे माथे ताडाच्या झावळ्या बांधल्यासारखे कोरलेले. दक्षिणेलाही दुसरा उतार आणि चार खांबांची छोटी ओसरी. म्हणजे बोट लावायला दोन जागा. या देवळात ममी तयार करत असत असं गाइड छातीठोकपणे सांगतात. अभ्यासकांमध्ये त्यावर एकमत नाही आणि प्लॅन बघून मलाही ते पटत नाही. आत मोकळी जागा फार कमी आहे. ही स्वागताची जागा वाटते, कामाची नाही.

इथून वर जाणारी वाट म्हणजे तो कॉजवे. आपल्याला वाटतं की हा नुसता उघडा रस्ता असणार. तो होता एक बंदिस्त बोळ, दोन्ही बाजूंना भिंती, वर दगडी छप्पर आणि छपरात मधोमध एक अरुंद फट, तेवढाच उजेड. सहुरेचा कॉजवे सुमारे २३५ मीटर लांब होता. त्याच्या भिंतींवर आतून कोरीव चित्रं होती. त्यातले काही मोठे दगड १९९० च्या दशकात आणि त्यानंतर वाळूत सापडले. त्यात पिरॅमिडच्या टोकाचा दगड ओढत आणतानाचं दृश्य आहे, आणि बरगड्या वर आलेली उपाशी माणसंही आहेत.

थोडं थांबून यातला अनुभव बघा. बाहेर वाळवंटातलं डोळे दिपवणारं ऊन. घाटावर उतरलात की ओसरीची सावली. मग बोळातला अंधार, डोक्यावर उजेडाची एक रेघ, आणि ती रेघ तुमच्याबरोबर वर चढतेय. या सगळ्या चालण्यात पिरॅमिड दिसतच नाही. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तोच छपराने झाकलेला. वर पोचल्यावर पुन्हा एक लांबट बंद दालन. आणि मग एकदम आभाळ उघडतं. समोर फरसबंदी चौक, चारी बाजूंना ओवऱ्या, त्यांना ग्रॅनाइटचे सोळा ताडखांब. ओवऱ्यांच्या छताला निळ्या रंगावर चांदण्या. उंचीचा हिशेब मांडून बघितला तर माझा अंदाज असा की याच चौकात उभं राहून वर बघितल्यावर पश्चिमेच्या भिंतीवरून पिरॅमिडचा पांढरा माथा पहिल्यांदा दिसत असावा. तुम्ही विचारलेली जागा ती हीच, वावरायची आणि उजेडाने घडवलेली.

चौकाचे रंगही बघण्यासारखे होते. फरशी काळी, बसाल्टची. भिंतींचा खालचा पट्टाही काळा. त्यावर पांढऱ्या चुनखडीच्या भिंती, रंगवलेल्या कोरीवकामाने भरलेल्या. खांब लाल. बसाल्ट आपल्याकडे पायरीला, पाट्याला, गटाराच्या झाकणाला वापरतो, कारण जिथे खणावं तिथे तोच निघतो, तेव्हा त्याची नवलाई आपल्याला कळत नाही. इजिप्तमध्ये तो फयूमच्या उत्तरेकडच्या वाळवंटातून आणावा लागे. ग्रॅनाइट अस्वानहून, म्हणजे नदीने आठशेच्या वर किलोमीटर. बारीक कणांचा पांढरा चुनखडीचा दगड नदीच्या पलीकडून, तुरा इथल्या खाणींमधून. फक्त पोटातल्या भरावाचा दगड जागेवरचा. त्या तुराच्या दगडाची वाहतूक कशी चालायची याची एका मुकादमाने लिहिलेली रोजनिशीसुद्धा सापडली आहे. त्याचं नाव मेरेर, काळ खुफूचा, आणि ते पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेले कागद, २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या पथकाला मिळाले. आज तुरात मुक्काम, उद्या दगड भरला, परवा गिझाकडे निघालो, असा कोरडा मजकूर. आमच्या साइटवरच्या डायऱ्याही अशाच असतात.

चौकाच्या पुढे मात्र वाट वळते, आणि हे मला आपल्या देवळांपेक्षा फार वेगळं वाटतं. आपल्याकडे नंदीच्या शिंगांमधून थेट गाभारा दिसावा अशी सरळ रेघ असते. इथे चौकाच्या पश्चिमेला आडवा बोळ आहे, त्यापलीकडे काही पायऱ्या चढून पाच कोनाड्यांची छोटी खोली, त्यात राजाच्या मूर्ती. सरळ रेघ इथे संपते. पुढे जायचं तर बाजूच्या दारातून लहान खोल्यांमधून वळून जावं लागतं, आणि मग येते नैवेद्याची खोली, लांबट, कमानीसारख्या छताची. तिच्या पश्चिम भिंतीत एक दगडी दार कोरलेलं. चौकट आहे, उंबरा आहे, पण ते उघडत नाही. याला खोटं दार म्हणतात. या भिंतीच्या मागेच पिरॅमिडचा पूर्वेचा उतार सुरू होतो. कल्पना अशी की राजाचा 'का', म्हणजे जगण्याला जे अन्नपाणी लागतं ते घेणारा त्याचा अंश, पिरॅमिडमधून या दारातून येतो, पुढ्यात ठेवलेली भाकरी-बिअर घेतो आणि परत जातो.

तर, आतापर्यंतचं थोडक्यात: घाट, खालचं देऊळ, झाकलेली चढती वाट, चौक, मूर्तींची खोली, नैवेद्याची खोली, खोटं दार. माणसांची वाट त्या दारापाशी संपते. दाराच्या पलीकडचा सगळा डोंगर राजाचा. तुम्ही दाराच्या त्या बाजूला जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात की इथे काहीच नाही.

आता ज्यासाठी मी अबुसिरला परत परत जातो ते सांगतो. कुठल्याही जुन्या देवळात गेल्यावर मी मूर्तीच्या आधी पाणी कुठून जातं ते बघतो. अभिषेकाचं पाणी जिथे तुंबतं तिथे दगड खातो, हा रोजचा अनुभव आहे. सहुरेच्या देवळात बोर्खार्ट यांना दगडी कुंडं सापडली, आतून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली, तळाला भोक आणि ते बंद करायला शिशाचं बूच. भोकाखालून तांब्याची नळी. ही नळी म्हणजे ठोकून पातळ केलेला पत्रा वाकवून गोल केलेला, आणि फरशीखाली दगडात खोदलेल्या चरीत बसवून वरून जिप्समच्या गाऱ्याने बंद केलेला. ही नळी देवळाखालून निघून कॉजवेखालून पार खालपर्यंत गेली होती, तीनशे मीटरहून जास्त लांब. तांबं सिनाईच्या खाणींतून मोठ्या कष्टाने आणायचं आणि ते जमिनीखाली, कुणाला दिसणारही नाही अशा जागी पुरायचं. नळीला ढाळ हवा म्हणून फरशीचे थर आधीच त्या हिशेबाने लावावे लागले असणार. म्हणजे ड्रेनेज नंतर सुचलेलं नाही, प्लॅनबरोबरच ठरलेलं. गुडघ्यावर बसून मी त्या चरीत बोट फिरवलं. माझ्याबरोबरची मुलं पिरॅमिडचे फोटो काढत होती.

पावसाच्या पाण्याची सोय वेगळी होती. बाहेरच्या भिंतींवर सिंहमुखाचे पन्हळ होते, त्यातून छपरावरचं पाणी लांब पडे. वर्षातून काही दिवस पडणाऱ्या पावसासाठी एवढी काळजी. आपल्याकडे चार महिने कोसळत असताना आजकालच्या नव्या सभामंडपांना गोमुखसुद्धा नीट ठेवत नाहीत, पण तो विषय इथे नको.

देवळाच्या दोन्ही अंगांना दुमजली कोठ्या होत्या. हे गोदाम कशाला, असं विद्यार्थी विचारतात. कारण ही इमारत चालवायची होती. राजा गेल्यावर पिढ्यान्पिढ्या रोज नैवेद्य द्यायचा, त्यासाठी धान्य, कापड, भांडी आणि माणसं. हे कसं चाले ते कळतं शेजारच्या नेफेरिरकारे राजाच्या देवळात १८९३ मध्ये मिळालेल्या पपायरसांवरून. त्यात कामाच्या पाळ्यांचे तक्ते आहेत, रेघा आखून, रकाने पाडून. सेवेकऱ्यांचे पाच गट, प्रत्येकाचे दोन भाग, आणि एकेका भागाने महिनाभर सेवा करायची. म्हणजे दहा महिन्यांनी एकाची पाळी. गटांची नावं बोटीवरून आलेली, त्यातल्या दोघांची तर सरळ बोटीची उजवी बाजू आणि डावी बाजू अशी. गुरवांच्या घराण्यांत वाटून घेतलेल्या पाळ्या ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वाचताना ओळखीचं वाटेल.

आणि भांड्यांच्या याद्या. कुठलं भांडं, कशाचं, केवढं, आणि पुढे शेरा: कड उडालेली, दुरुस्त केलेलं. पाळी बदलली की नव्या गटाने मोजून ताब्यात घ्यायचं. दारं, मोहरा, देवळाच्या बांधकामाची पडझड, यांचीही तपासणी होई. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा कंडिशन रिपोर्ट मी पहिल्यांदा भाषांतरात वाचला तेव्हा मला आमच्या कार्यालयातली फाइल आठवली. फरक एवढाच की आमच्या फाइलींमध्ये शेऱ्याचा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो.

ते कागद नेमके तिथेच का टिकले, यालाही आर्किटेक्चरचं कारण आहे. नेफेरिरकारे काम अर्धवट असताना वारला. त्याचं देऊळ घाईने कच्च्या विटांत आणि लाकडी खांबांवर पुरं केलं. कॉजवे तर पूर्ण झालाच नाही. पुढे नियुसेरे राजाने तो मधूनच वळवून आपल्या देवळाला जोडला. खालची वस्ती झालीच नाही, म्हणून सेवेकरी वर देवळाच्या आवारातच झोपड्या करून राहिले आणि कागदपत्रंही वरच, कोरड्या वाळूत राहिली. बाकीच्या राजांचं दप्तर खाली, शेताच्या कडेला, ओलीत असणार. अर्धवट राहिलेल्या इमारतीनेच आपल्याला सगळ्यात जास्त सांगावं, असं धंद्यात नेहमी होतं. पूर्ण झालेलं काम आपले सांधे लपवतं.

आता पिरॅमिडकडे. खुफूच्या पायाची बाजू सुमारे २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटरच्या वर. सहुरेची बाजू ७८.७५ मीटर, म्हणजे नेमके दीडशे इजिप्शियन हात, आणि उंची साधारण ४७ मीटर. घनफळ काढलं तर खुफूच्या एका पिरॅमिडमध्ये सहुरेचे सव्वीस-सत्तावीस पिरॅमिड बसतील. दर्जातही उतार दिसतो. खुफूच्या पायाच्या चार बाजूंमध्ये फरक आहे तो काही सेंटिमीटरचा. सहुरेचा एक कोपरा दीड मीटरच्या वर चुकला आहे. पोटात ओबडधोबड दगड आणि मातीचा गारा, वरून तुराचा घडीव दगड. दर्शनी दगड पुढे लोकांनी काढून नेला आणि आतलं सगळं घसरलं. दगडी भिंतीचा बाहेरचा थर काढला की आतला भराव पोट सुटल्यासारखा बाहेर येतो, हे आपल्याकडच्या गढ्यांच्या तटबंदीला कुणीही बघू शकतो. त्यामुळे सहुरेचा पिरॅमिड आज टेकडीसारखा दिसतो. आतून तो कोसळत चालला होता आणि धिरे देण्याचं काम एक इजिप्शियन-जर्मन पथक करत होतं. त्याच कामात २०२३ मध्ये आत आठ कोठ्या सापडल्या.

बरेच लोक याला ऱ्हास म्हणतात. खुफूच्या वेळी जमत होतं, नंतर जमेना, असं. पैसा आणि माणसं कमी पडत असतील, ते मी नाकारत नाही. पण देवळांचे प्लॅन शेजारी शेजारी ठेवून बघा. खुफूच्या देवळाची आज बसाल्टची फरशी तेवढी उरली आहे, आणि प्लॅनमध्ये ते पिरॅमिडच्या पायथ्याशी बारकं दिसतं. सहुरेकडे पिरॅमिड लहान, पण देवळात चौक, ओवऱ्या, कोठ्या, पाण्याची व्यवस्था आणि भिंतीवर मूळचं दहा हजार चौरस मीटर कोरीवकाम असावं असा अंदाज आहे. समुद्रावरून परतणाऱ्या गलबतांची चित्रं त्यातलीच. खर्च डोंगरावरून देवळाकडे वळला. माझ्या मते हा निर्णय होता, आणि तोही शहाणा. पिरॅमिड एकदा बंद झाला की त्यात कुणी जाणार नाही. देवळात रोज माणसं येणार. सहाव्या घराण्यात तर मापही ठरून गेलं: पाया दीडशे हात, उंची शंभर हात. तेतीपासून पेपी दुसऱ्यापर्यंत तेच.

बोटींचे खड्डे विचारलेत, त्याचं थोडक्यात: खुफूच्या पिरॅमिडच्या दक्षिणेला १९५४ मध्ये एका बंद खड्ड्यात सुटे केलेले १,२२४ तुकडे मिळाले, त्यातून ४३ मीटरच्या वर लांबीची बोट जुळवली गेली. २०२१ पासून ती गिझाजवळच्या नव्या मोठ्या संग्रहालयात आहे. ती खरोखर पाण्यात वापरली की परलोकासाठीच, यावर वाद आहे. राजाच्या पिरॅमिडच्या आग्नेय कोपऱ्याजवळ जो छोटा पिरॅमिड दिसतो, त्याच्या उपयोगाबद्दलही मतं वेगवेगळी आहेत. राण्यांचे पिरॅमिड वेगळे, त्यांची गल्लत करू नका.

तुम्ही परत जाणार आहात असं शेवटी लिहिलंय, म्हणून आता कामाचं. वेळ किती आणि त्या दिवशी काय उघडं आहे यावर सगळं ठरेल. अबुसिर उघडं आहे का ते आधीच विचारून ठेवा. नसेल तरी चालेल, कारण तुकडे जोडून पूर्ण वाट बघता येते. गिझाला गाइडला सांगा की आधी खाली स्फिंक्सपाशी सोड. तिथे खाफ्रे राजाचं खालचं देऊळ आहे, जवळजवळ छतापर्यंत उभं. आत सोळा ग्रॅनाइटचे खांब, एकेक अखंड दगडाचा. चित्र नाही, नक्षी नाही. फरशी पांढरट अलाबास्टरची. भिंत आणि छत जिथे मिळतं तिथे तिरक्या फटी होत्या, त्यातून उजेड खाली फरशीवर पडे आणि तिथून भिंतींलगत बसवलेल्या राजाच्या तेवीस मूर्तींवर परत येई. त्या खोलीत दहा मिनिटं गप्प उभे राहा. मग कॉजवेने चालत वर जा. तो पाचशे मीटरच्या आसपास आहे, छप्पर नाही, ऊन लागेल, टोपी घ्या. वर पोचल्यावर खाफ्रेच्या देवळाचे प्रचंड दगड दिसतील, आणि त्यानंतर पिरॅमिड. नंतर खुफूच्या पूर्वेला जाऊन त्या काळ्या फरशीवर उभे राहा. बहुतेक लोक तिच्यावरून चालत जातात आणि आपण देवळात आहोत हे त्यांना कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी सक्कारा. तिथला उनासचा कॉजवे सातशे मीटरच्या वर आहे, आणि त्याच्या थोड्याशा भागावर छप्पर पुन्हा बसवलंय, मधल्या फटीसकट. वर बोळात मी सांगितलेली उजेडाची रेघ ती इथे बघायला मिळते. भिंतीवर बोटीतून आडवे आणलेले ताडखांब कोरलेले आहेत, म्हणजे सहुरेकडे होते तसेच खांब, वाहतुकीत असताना. उनासच्या पिरॅमिडमध्ये जाता आलं तर जरूर जा. तो बाहेरून ढिगाऱ्यासारखा आहे, पण आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत निळसर अक्षरांनी भरलेल्या आहेत. पिरॅमिडच्या आत मजकूर कोरलेला पहिला राजा हाच. आत वाकूनच जावं लागतं, तेव्हा गुडघ्यांचा विचार करा.

शक्यतो सकाळी लवकर जा आणि कॉजवेचा छपराचा भाग खालून वर चालत पार करा. बस तुम्हाला वरच्या टोकाला सोडते. चालकाला थांबायला सांगून खालपर्यंत उतरा, मगच वळा.